शेतातल्या आखाड्यावरून मोजा ताऱ्यावरचे डाग

नमस्कार मंडळी! आजचा तारा एचआर १०९९, म्हणजेच व्ही ७११ टॉरी. कृत्तिका ओळखता ना? तिथून सरळ दक्षिणेला साधारण २४ अंश उतरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बीड-परभणीकडून तो सत्तर अंशांपर्यंत चढतो, म्हणून आपल्याला सोयीचा.

खरं तर ही जोडी आहे, २.८४ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी. त्यातला मोठा, नारिंगी तारा स्वतःभोवतीही तेवढ्याच वेळात गिरकी घेतो. या वेगामुळं त्याचं चुंबकीय क्षेत्र जबरदस्त. ते जिथं दाटतं तिथं आतून वर येणारी उष्णता अडते आणि पृष्ठभाग हजारभर केल्विननं थंड पडतो. हाच डाग. जास्त डागाळलेली बाजू समोर आली की तेज घटतं, कधी ०.१ तर कधी ०.२ प्रत (मॅग्निट्यूड, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप).

मोजायला डीएसएलआर, २०० मिमी लेन्स आणि साधा ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) पुरे. शेजारी ११ आर्कमिनिटांवर १० टॉरी आहे, तुलना त्याच्याशी करायची. गोम इथंच आहे. १० टॉरी जवळजवळ चौपट तेजस्वी, त्यामुळं आधी तोच सॅच्युरेट होतो, म्हणजे पिक्सेल भरून जातात नि त्याचं पुढचं तेज मोजलंच जात नाही, आणि आपला तारा आहे त्यापेक्षा उजळ निघतो. म्हणून फोकस थोडा सैल करा, रॉ फाइल घ्या, १४ बिटच्या कॅमेऱ्यात सगळ्यात उजळ पिक्सेल ११,००० च्या आत ठेवा. दहा-दहा सेकंदांच्या २०-३० फ्रेम, शिवाय डार्क (झाकण लावून) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) फ्रेम. मोजायचा फक्त हिरवा चॅनेल.

आता आपल्याकडची अडचण: नेमका याच दिवसांत गळीत हंगाम. पातळ, एकसारखा धूर दोन्ही ताऱ्यांना सारखाच मंद करतो, त्यानं बिघडत नाही. पण शेजारच्या रानात पाचट पेटलं आणि धुराचा पट्टा सरकायला लागला की फ्रेमगणिक आकडे उड्या मारतात. अशी रात्र सरळ सोडून द्या, सरासरी काढून ती सुधरत नाही.

रोज एकाच वेळी मोजलं तर तारा दर रात्री ०.३५ फेरा पुढं गेलेला असतो. तीन रात्रींनी जवळपास तीच बाजू पुन्हा समोर! फेऱ्यागणिक तेज कसं बदलतं त्याचा आलेख नीट भरायला सतरा रात्री लागतात, कारण सतरा दिवसांत बरोबर सहा फेरे होतात. चार रात्री मोजून डागाचा आकार सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आणि सतरा रात्रींनंतरही आलेख सांगतो तो दोन बाजूंमधला फरक. डाग कोणत्या रेखांशाला, हे कळतं. एकूण किती, हे नाही. लहान पण गडद डाग आणि मोठा पण फिका डाग सारखाच खड्डा पाडतात. ध्रुवावर बसलेला गोल डाग तर कायम समोर, त्यानं आलेख हलतच नाही.

असा डाग शोधायला वर्णपट लागतो. डाग समोरून सरकतो तेव्हा फिरण्यानं रुंदावलेल्या शोषणरेषेत (वर्णपटातल्या काळ्या रेघेत) छोटासा उंचवटा निळ्या बाजूकडून लाल बाजूकडं जातो. ध्रुवाजवळचा डाग असेल तर हा उंचवटा रेषेच्या मध्याजवळच घुटमळतो. व्होग्ट आणि पेनरॉड या खगोलशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये याच रीतीनं याच ताऱ्याचा नकाशा काढला, आणि त्यात ध्रुवावर मोठा डाग निघाला.