तपासत राहण्याची सवय

आपण स्वतः किंवा भोवतालचं जग खरं न वाटण्याचा त्रास घेऊन येणारी माणसं पहिलं वाक्य बहुधा चाचरतच बोलतात. सगळं दिसतंय, पण खरं वाटत नाही. आई बोलते ते ऐकू येतं, पण आतून काही हलत नाही. आपलाच आवाज दुसरं कुणी बोलतंय असा वाटतो. मग दाराकडे एक नजर टाकून हळूच विचारतात, "मला वेड लागतंय का?"

नाही. 'असं वाटतंय' आणि 'असं आहे' यांतला फरक तुम्हाला कळतोय. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजारात, नेमका तोच सुटतो. आई तीच आहे हे ठाऊक असूनही ती परकी वाटते, म्हणून तर तुम्ही घाबरलात.

स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं म्हणजे डीपर्सनलायझेशन, भोवतालचं जग अवास्तव वाटणं म्हणजे डीरिअलायझेशन. दोन्ही बहुतेकदा जोडीनं येतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ ल्युडोविक द्युगा यांनी १८९८ मध्येच यावर लिहिलं होतं. म्हणून आज कुणी 'हे सगळं मोबाइलमुळे' म्हणालं, तर हसून सोडून द्या.

जिवावर बेतलं की मेंदू भावनांचा आवाज कमी करतो. अपघातातून वाचलेले कितीतरी जण सांगतात, की त्या क्षणी ते लांबून पाहत असल्यासारखे शांत होते. तेवढ्यापुरतं ते उपयोगीच. पॅनिक अटॅक, जागरणं, लांबलेला ताण, गांजा, लहानपणी झालेली मानसिक हेळसांड, यांपैकी कशानंही हे सुरू होऊ शकतं. बहुतेकांचं काही मिनिटांत किंवा तासांत ओसरतं. काहींचं मात्र महिनोन् महिने, वर्षानुवर्षं टिकतं.

ते का टिकतं, यावर मला आज जास्त बोलायचंय. घाबरलेला माणूस तपासू लागतो. हात डोळ्यांपुढे धरतो, माझाच ना? कालची आठवण खरी वाटते का, चाचपून बघतो. रात्री दोनला लक्षणं वाचत बसतो. आरशात टक लावतो. आता गंमत बघा. मंद उजेडात आरशात काही वेळ एकटक पाहिलं, तर धडधाकट माणसालाही आपला चेहरा अनोळखी दिसू लागतो. इटलीतल्या जियोवानी कापुतो यांनी २०१० मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. म्हणजे या परीक्षेत कुणीच पास होत नाही, आणि आपण ती दिवसातून पन्नासदा देतो! दर वेळी भीती वाढते, भीतीनं परकेपणा वाढतो.

म्हणून उपचारातला मोठा भाग हे तपासणं सोडण्याचा असतो. जबरदस्तीनं 'खरं वाटून घेणं' नको, तीही तपासणीच. परकं वाटतंय? वाटू दे. त्याच अवस्थेत कामाला जा, मित्राशी बोला, भाजी चिरा. 'बरं वाटलं की सुरू करीन' म्हणणारे फार काळ थांबून राहतात. झोप सांभाळा, गांजा पूर्ण बंद करा.

बरं होण्याची सुरुवात पुष्कळदा लक्षातही येत नाही. एखादा तास ते डोक्यातच नसतं. मग "अरे, गेलं की काय?" म्हणून आत डोकावलं की परत हजर! तेव्हा निराश व्हायचं कारण नाही, तो तास खरा होता.

औषधांबद्दल स्पष्ट सांगतो. खास या त्रासासाठीचं खात्रीचं औषध आज नाही. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची २००४ मध्ये नीट चाचणी झाली, ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यांच्यावरची औषधं घ्यावीत. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, किंवा मधेच शुद्ध हरपत असेल, तर फिट येण्याच्या आजाराची (अपस्माराची) शक्यता आधी तपासून घ्या. ही तपासणी मात्र टाळू नका.

घरच्यांना एक विनंती. रोज सकाळी "आज कसं वाटतंय?" विचारू नका. तुमच्या काळजीपोटी त्याला पुन्हा आत डोकवावं लागतं. त्यापेक्षा त्याला एखादं काम सांगा.