गावाचं पुढचं दार

युरोपातल्या नदीकाठच्या काही जुन्या गावांना मी आधी रेल्वेने जाऊन आलो होतो. पुढे तीच गावं बोटीने पाहिली आणि लक्षात आलं, पहिल्या खेपेला आपण मागच्या दाराने शिरलो होतो. नगरभवन, चर्च, वखारी, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. पाहुणा तिकडूनच यायचा ना!

डॅन्यूब नदीवरचं, जर्मनीतलं पासाउ घ्या. तिथे तीन नद्या भेटतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट, दलदलीतून येणारी इल्झ जवळजवळ काळी आणि मध्ये डॅन्यूब. डेकवर उभं राहिलं की तिन्ही रंग थोडा वेळ एकमेकांना न शिवता वाहताना दिसतात. गंमत अशी, की वर्षाचा हिशेब केला तर इन जास्त पाणी आणते, पण पुढे नाव चालतं डॅन्यूबचं. धक्क्यावर उतरलात की समोरच नगरभवन. त्याच्या मनोऱ्याच्या भिंतीवर एकेका पुराची खूण आणि साल लिहिलंय. २०१३ ची खूण बघायला मला मान पार मागे टाकावी लागली. तेव्हा पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं; १५०१ नंतर एवढा पूर आला नव्हता. मी वळून पाहिलं, तर आमची बोट आपली शांत डुलत होती.

रेगेन्सबुर्गचा दगडी पूल ११४६ च्या सुमारास पुरा झाला. मोठ्या बोटींना तो आजही आपल्या कमानींखालून जाऊ देत नाही. त्यांनी बाजूच्या कालव्याने जायचं. ऱ्हाइनवर काउबला तर नदीच्या मधोमध, बेटावर जकातीचा किल्लाच बांधलाय. चौदाव्या शतकापासून १८६६ पर्यंत तिथे वसुली चालली. रस्त्यावरून तो नुसता देखणा वाटतो. बोट त्याच्या अंगावरून जाते तेव्हा कळतं, इथून चुकवून जायला वाटच नव्हती.

याच काउबच्या, नदीच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मापपट्टीकडे उन्हाळ्यात सगळ्या कप्तानांचे डोळे लागलेले असतात. पाणी उतरलं की सफर बसने! आमच्यावर एकदा ती वेळ आली. माहितीपत्रकात तसं छापलं होतं म्हणे, फक्त भिंगाने वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त मजा लॉकमध्ये, म्हणजे दारं लावून, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या हौदात. ऱ्हाइनला मिळणारी माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा १९९२ साली पुरा झाला. लांबी १७१ किलोमीटर, लॉक सोळा, माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंच. म्हणजे बोट चक्क डोंगर चढते. लॉकची रुंदी बारा मीटर, बोटीची अकरा मीटर चाळीस. दोन्ही बाजूंना वीतभर फट, बस्स. रात्री दोनला जाग आली, पडदा सारला, तर खिडकीला चिकटून ओली शेवाळलेली भिंत. हात बाहेर काढून बोट टेकवलं. भिंत गार होती आणि हळूहळू खाली चालली होती.