छपरातला सुरा आणि मागे उभा असलेला तपास अधिकारी

श्रोतेहो, खुनाच्या खटल्यातला मेमोरँडम पंचनामा, म्हणजे कोठडीतल्या आरोपीचे निवेदन पंचांसमोर नोंदवलेला पोलिसांचा कागद, वाचताना एक वाक्य हमखास भेटते : ‘ज्या सुऱ्याने मी अमक्याला भोसकले, तो सुरा मी माझ्या घराच्या छपरात लपवून ठेवला आहे, चला, काढून देतो.’ खाली आरोपीची सही किंवा अंगठा, दोन पंचांच्या सह्या आणि तपास अधिकाऱ्याची सही असते. या एकाच वाक्याचे कोर्टात दोन तुकडे होतात. ‘मी लपवून ठेवला आहे, काढून देतो’ एवढेच पुराव्यात राहते. ‘ज्या सुऱ्याने मी भोसकले’ हे गळते. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही विभागणी करताना सांगितले, की अशा निवेदनामुळे सुऱ्याचा शोध लागत नाही, सुरा नावाच्या वस्तूचा शोध तर जगात फार पूर्वीच लागलेला आहे. शोध लागतो तो सुरा त्या घरात लपवला आहे आणि आरोपीला ते ठाऊक आहे, एवढ्याच गोष्टीचा. त्याच सुऱ्याने खून झाला, हे सरकार पक्षाला वेगळे सिद्ध करावे लागते.

उरलेले वाक्य का गळते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबित करता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. त्याचे मूळ त्याहूनही जुने आहे. वसुलीसाठी आणि तपासासाठी रयतेचा कसा छळ होतो, याचा अहवाल मद्रास इलाख्यातील चौकशी आयोगाने १८५५ साली दिला आणि १८६१ च्या फौजदारी संहितेत हा निर्बंध आला. म्हणजे कोठडीतल्या शब्दावर विसंबू नये, हे खुद्द परक्या सरकारनेही मान्य केले होते.

संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीतही मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात सांगितले. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही, हे २०१० मध्ये ठरले. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र वकील पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

महाराष्ट्रात एक मोठा अपवाद आहे. १९९९ च्या मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या १८ व्या कलमानुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी असे जबाब नाकारून बारा जणांची शिक्षा रद्द केली. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच सांगितले; त्यामुळे तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

दंडाधिकाऱ्यापुढच्या कबुलीची रीत मात्र वेगळी आहे. ‘कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे आधी समजावून सांगावे लागते, विचाराला वेळ द्यावा लागतो, आणि आरोपीने नकार दिला तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. नकाराची किंमत कोठडीत मोजावी लागेल, ही भीती कायद्याने इथे ओळखली आहे.

आता रिमांडची वेळ पाहा. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि त्याला विचारले जाते, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हाताच्या अंतरावर तोच तपास अधिकारी उभा असतो, आणि काही मिनिटांनी आरोपी त्याच्याच ताब्यात जाणार असतो. ‘नाही’ हा शब्द रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, उतरतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्या आरोपीविरुद्ध वाचून दाखवला जातो. माझी मागणी एवढीच आहे, की हा प्रश्न पोलिसांना दालनाबाहेर पाठवून विचारावा, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा कागद दंडाधिकाऱ्यांनी स्वतः वाचावा.