चंडोल उठतो ती ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

चौदा ओळींच्या सुनीताशी, म्हणजे सॉनेटशी, पुण्याचे नाते जुने आहे. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीतले पहिले सुनीत लिहिले खरे, पण हा प्रकार मराठीत रुळवला तो मुख्यतः याच शहरात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी. आज मात्र मी १६०९ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या एकोणतिसाव्या सुनीताविषयी बोलणार आहे.

हे आशेचे सुनीत; पण ‘आशा’ हा शब्द त्यात एकदाच, पाचव्या ओळीत येतो, आणि तीही दुसऱ्याची आशा असते. आशेने आपल्याहून संपन्न असलेल्या कुणासारखे तरी व्हावे, असे कवीला वाटते. ‘जेव्हा’ने सुरू झालेले वाक्य पहिल्या आठ ओळी संपल्या तरी थांबत नाही, याचे रूप, त्याचे मित्र, तिसऱ्याची कला असा हेवा साचत जातो आणि ऐकणाऱ्याचाही श्वास कोंडतो. यमके शेक्सपिअरच्या पद्धतीची, म्हणजे चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी एक द्विपदी अशी असली, तरी भावाचे वळण इटालियन सुनीतासारखे नवव्या ओळीवर येते. पुढच्याच, दहाव्या ओळीत प्रियजनाची आठवण होते, तीही सहज, ‘योगायोगाने’.

मग अकराव्या ओळीत पहाटेचा चंडोल उठतो. वेताळ टेकडीच्या माळावर पहाटे फिरणाऱ्यांना जमिनीवरून गात गात वर जाणारा हा पक्षी परका नाही. इथे दहा अक्षरावयवांच्या (सिलॅबल्सच्या) ओळीत अकरावा अवयव येतो, तो नेमका ‘उठणे’ या अर्थाच्या शब्दात, आणि वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत शिरते. शार्दूलविक्रीडित वृत्तातल्या बाराव्या अक्षरानंतरच्या यतीवर, म्हणजे विरामावर, कान घडलेल्या आपल्या वाचकाला ही न थांबण्यातली मौज चटकन कळावी. मोठ्याने वाचताना इथे थांबणारे वाचक मी ऐकले आहेत. त्यांचा चंडोल जमिनीवरच राहतो.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच. तिसऱ्या ओळीत कवीने ज्या स्वर्गाला बहिरा म्हटले, त्याच्याच दारात बाराव्या ओळीत स्तोत्रे गायली जातात; पण स्वर्गाने ती ऐकली, असे कवी कुठेही म्हणत नाही. शेवटच्या द्विपदीत राजांशीही अदलाबदल नको असे तो सांगतो, ते मला थोडे घाईचे वाटते. तरीही तिथे ‘स्थिती’ या अर्थाचा शब्द तिसऱ्यांदा येतो: दुसऱ्या ओळीत ज्या स्थितीबद्दल तो एकटाच रडत होता, तीच आता त्याला कुणाला द्यायची नाही.