मोत्याचं पान

नमस्कार श्रोतेहो.

आज आपण चोरांबद्दल बोलणार आहोत. घरातल्याच, चार पायांच्या चोरांबद्दल. आपणच त्यांना पाळलं, हौसेनं नावं दिली, पावसात कुडकुडायला नको म्हणून पोतं अंथरलं, आणि त्यांनी आपल्याच चुलीपुढून आपलाच बांगडा पळवला. कुठल्याही घरात पाहुणे जमू देत, जेवणं होऊन पानाचा डबा फिरू लागला की कुणीतरी म्हणतंच, "त्या वर्षी बोक्यानं काय केलं ते सांग की!" मग ती गोष्ट होते. सगळ्यांना पाठ असते, तरी होते.

जुन्या स्वयंपाकघराची अर्धी मांडणी या चोरांच्या धाकानं झाली होती, असं मला नेहमी वाटतं. आढ्याला शिंकं, त्यात दह्याचं मडकं. दुधाला जाळीचं कपाट. विरजणावर झाकण आणि त्या झाकणावर वरवंटा. तरीही शिंक्याचं तुटायचं आणि बोक्याचं फावायचं. हल्ली तसंच विणलेलं शिंकं लोक बाल्कनीत कुंडी टांगायला विकत आणतात. कुंडीला माझी ना नाही, पण शिंक्यातल्या मडक्यात लागलेल्या दह्याची चव फ्रिजमधल्या दह्याला येत नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

आमचं गाव मालवणजवळ. घरात मनी नावाची मांजर होती आणि मोत्या नावाचा कुत्रा. मे महिना आला की आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी सुरू व्हायची. सुके बांगडे, बोंबील, गोलमा म्हणजे बारीक सुकी कोलंबी, सगळं खळ्यात पुन्हा एकदा उन्हं खायला पसरायचं, आणि आजी काठी घेऊन पडवीत बसायची. मनी कधीही धावून आली नाही. ती बोंबलांकडे पाठ करून बसायची. डोळे मिटलेले, जणू तिचा नि माशांचा काही संबंधच नाही. फक्त शेपटीचं टोक हलत असायचं. आजीची मान जराशी कलंडली की रांगेच्या अगदी शेवटचा बोंबील नाहीसा व्हायचा. मधला कधीच नाही. मधला उचलला तर फट दिसते ना! शेवटचा उचलला की रांग जरा आखूड होते, इतकंच. ही अक्कल तिला कुणी शिकवली?

या मनीवर एकदा मोठा अन्याय झाला. खोबऱ्याच्या वड्यांचं ताट रात्रीतून अर्धं झालं, आणि सगळ्या घरानं मनीला धरलं. मांजरच ती! भर पावसात तिला दाराबाहेर काढलं. आता ऐका. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवून दिलं की मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखण्यासाठी जिभेवर दोन भाग जोडीनं लागतात, त्यातला एक बनवणारं जनुकच मांजरांमध्ये निकामी झालेलं आहे. वाघाचंही तसंच आणि चित्त्याचंही तसंच. पुन्हा सांगते, मांजराला गोड कळत नाही. दुधावरची साय ते खातं ते तिच्यातल्या स्निग्धासाठी, गोडीसाठी नाही. कुत्र्याला मात्र गोड कळतं, आणि आवडतंही. म्हणजे त्या रात्री खोबऱ्याच्या वड्या कुणी खाल्ल्या असतील, ते तुम्हीच ओळखा. मोत्या तेव्हा पडवीत पोट वर करून झोपला होता.

न बघता मारलेल्या प्राण्याची गोष्ट महाभारतातही आहे, अगदी आदिपर्वातच. जनमेजयाच्या यज्ञाच्या जागी सरमा या देवांच्या कुत्रीचा मुलगा येतो, आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. सरमा थेट राजापुढे येऊन विचारते, माझ्या लेकानं हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे बघितलंसुद्धा नाही, मग मारलंत कशाला? एवढ्या मोठ्या राजाकडे उत्तर नसतं. ती शाप देऊन निघून जाते.

आता मोत्याची गोष्ट. खरं सांगायचं तर ही सांगावी म्हणूनच मी आज तुमच्यापुढे आले आहे.

आजोबा गेले, त्यानंतरचा त्यांचा पहिला म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. मुंबईहून मोठे काका आले होते, आत्या आली होती, धाकटा काका होता, आम्ही मुलं होतो. सकाळपासून चूल पेटलेली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फदफदं, भोपळ्याची भाजी, नारळाच्या रसातली गुळाची खीर. वास सगळ्या वाडीत, आणि मुलांच्या पोटात काही नाही. कारण तुम्हाला ठाऊकच आहे, कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

मोत्याला सकाळीच मांगरात, म्हणजे घराबाजूच्या खोपटात, बांधून टाकलं होतं. "कशात तरी तोंड घालील मेला," असं आत्या म्हणाली, आणि धाकट्या काकानं सुंभाच्या दोरीनं त्याला खांबाला बांधलं. मोत्या आजोबांचा. दुपारी जेवताना आजोबा पानातला शेवटचा घास बाजूला ठेवायचे, पडवीच्या पायरीवर यायचे आणि तो हातानं मोत्याला भरवायचे. त्याशिवाय हात धुवायचे नाहीत. ते गेल्यावर मोत्याला भाकरी मिळत होती, पण ती लांबून टाकलेली.

तर, केळीच्या पानावर सगळं वाढलं. मोठ्या काकांनी पान तुळशीपलीकडे नेऊन ठेवलं, पाणी फिरवलं, "काव काव" केलं, आणि सगळे हात जोडून उभे राहिले. माडाच्या झावळीवर दोन कावळे होते. त्यांनी पानाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि तिथेच बसून राहिले.

इथे माझं एक ठाम मत सांगते. पितृपक्षात कावळ्याला घरोघरी आमंत्रण असतं, तो आधीच जेवलेला असतो. त्यातून तो मोठा सावध पक्षी. घरातली झाडून सगळी माणसं पानाला गराडा घालून उभी राहिली तर तो खाली उतरेल कसा? कावळा यायला हवा असेल तर माणसांनी आधी मागे सरावं. पण हे आमच्याकडे कुणाला पटत नाही. अजूनही पटत नाही.

कावळा येईना, तशी आजोबांची इच्छा काय राहिली असेल याचा शोध सुरू झाला. वडील म्हणाले, "पाणंदीकडचा फणस तोडणार नाही." झावळी हलली नाही. आत्या म्हणाली, "धाकट्याचं लग्न या वैशाखात करू हो." धाकटा काका दचकला, कावळे दचकले नाहीत. त्यानंच मग आत जाऊन आजोबांची विडी आणली आणि पानाशी ठेवली. चहा आणला, बशीत ओतून ठेवला. सूर्य माथ्यावरून कलला. शेवटी मोठ्या काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बांधाची केस मागे घेतो." शेजारच्या वाडीशी चाललेली ती केस. सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण ते कधी असं बोलतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी कावळा हलला नाही.

आणि तेवढ्यात खळ्याच्या कोपऱ्यावरून मोत्या आला.

गळ्यात सुंभाचा चावून तोडलेला तुकडा लोंबत होता. तो धावत आला नाही, हे लक्षात ठेवा. चोर धावतो. मोत्या चालत आला, घरच्या माणसासारखा. सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत तुळशीला वळसा घालून तो पानाशी गेला, एकदा सगळं पान हुंगलं आणि वरचा वडा उचलला. आमच्याकडच्या वड्याला मध्ये भोक असतं. ते नेमकं त्याच्या खालच्या सुळ्यात अडकलं आणि वडा दाराच्या कडीसारखा त्याच्या तोंडाबाहेर डुलू लागला. त्यानं मान झटकली, वडा हवेत उडाला, आणि परत तोंडात. गट्ट. मग दुसरा.

आत्या किंचाळली, "बाटलं! सगळं बाटलं!" मोठ्या काकांनी काठी उचलली. काठीही आजोबांचीच. आम्ही मुलं तर रडायच्या बेताला आलो, कारण आता पुन्हा वाढा, पुन्हा उभे राहा, पुन्हा वाट बघा.

शेजारचे म्हातारे आबा तोवर गडग्यापाशी येऊन उभे होते. त्यांनी काकांना हात केला आणि शांतपणे विचारलं, "कुत्र्याचा पान खंय आसा?"

सगळे गप्प.

श्रोतेहो, श्राद्धात पाच वाटे काढायचे असतात. पंचबली म्हणतात त्याला. गायीचा, कुत्र्याचा, कावळ्याचा, देवांचा आणि मुंग्यांचा. पुन्हा सांगते, गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी. कुत्र्याचा वाटा त्यात मुळापासून आहे. गायीचं पान गोठ्यात गेलं होतं. कावळ्याचं समोर होतं. मुंग्यांनी तर बशीतल्या चहापासून आपला वाटा केव्हाच घ्यायला सुरुवात केली होती. कुत्र्याचं पान वाढलंच नव्हतं! कारण इतकी वर्षं ते आजोबा वाढायचे. कुणाला न सांगता, सगळ्यांच्या आधी, मांगराच्या बाजूला. ते काम कुणाकडे सोपवलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आजी तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ती आत गेली आणि तुपाची वाटी घेऊन आली. खाली बसली आणि मोत्यापुढच्या वड्यांवर तूप सोडत म्हणाली, "कोरडो वडो खाव नको रे, तूप घालतंय."

पंढरीच्या नामदेवांची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. कुत्रं पोळी घेऊन पळालं, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना लोक माना डोलावतात. आजीनं ती आमच्या खळ्यात करून दाखवली. मोठ्या काकांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मोत्यानं वडे खाल्ले, खीर चाटली. इतकी चाटली की केळीचं पान कडेनं फाटलं आणि भात मातीवर सांडला. मग तो तुळशीच्या सावलीत जाऊन आडवा झाला. माणसंही हे सगळं बघत पडवीकडे सरकली होती. आणि झावळीवरून एक कावळा सरळ खाली आला, मातीवरची भाताची चार शितं उचलून गेला. त्याच्यामागून दुसरा.

"शिवला! शिवला!" आम्ही मुलं ओरडलो आणि जेवायच्या पाटांकडे जी धूम ठोकली!

मोठे बाहेरच राहिले. वाद असा, की कावळा नेमका कशाला आला? मोत्याच्या पानाला आला, की दिलेल्या शब्दांना? मोत्याच्या पानाला आला असेल, तर फणस तोडायला, केस चालवायला हरकत नाही. आबा म्हणाले, शब्द गेला तो गेला. काका थोडा वेळ मोत्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साक्षीदार समोर झोपलाय." केस त्यांनी खरोखरच मागे घेतली. फणस आजही उभा आहे, आणि बांधापलीकडच्या वाडीत त्याचे गरे जातात. धाकट्या काकाचं लग्न वैशाखात झालं. तेव्हापासून आमच्या घरी म्हाळाला पहिलं पान कुत्र्याचं वाढतात, तूप घालून.

वेळ संपत आली. थोडं कामाचं बोलते, आणि ते मात्र नीट ऐका. मोत्याचं नशीब असं की म्हाळाच्या स्वयंपाकात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, आणि आजीच्या खिरीत मनुका नव्हत्या. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. चॉकलेट तर नकोच नको, आणि बिनसाखरेच्या बऱ्याच च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, तेही कुत्र्याला विषच. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, त्या आतड्यात रुततात. पुन्हा सांगते, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजलेली हाडं. फराळाचे डबे भरताना बेदाण्याचे लाडू वरच्या फळीवर ठेवा, आणि वर घट्ट झाकण लावा.

यातलं काही त्यानं खाल्लंच, तर घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. ते मीठच जास्त घातक ठरतं. जनावरांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा आणि तीन गोष्टी सांगा. काय खाल्लं, किती खाल्लं आणि केव्हा खाल्लं. पुडा सापडला तर तो सोबत न्या.

नमस्कार.