विमान आधी, मार्ग नंतर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘स्वस्त विमानकंपन्या ताफा का बदलतात आणि का वाढतात’. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांनी गाडी ‘नो पार्किंग’मध्ये लावलीय त्यांना लवकर उठता येईल. विमान म्हातारं झालं म्हणून या कंपन्या ते बदलत नाहीत. त्याचं मोठं दुरुस्तीचं काम अंगावर यायच्या आत ते मालकाला परत करायचं असतं, म्हणून बदलतात. आणि नवा मार्ग सुरू होतो तो बहुतेक वेळा, ऑर्डर दिलेली विमानं दारात येऊन उभी राहिली आणि त्यांना कुठेतरी उडवायला हवं, म्हणून.

मालकाला म्हणालो, कारण विमानावर नाव कंपनीचं असलं तरी विमान बहुधा तिचं नसतं. ते लीजवर असतं. भाडं महिन्याचं आणि डॉलरमध्ये. शिफ्टनं रिक्षा चालवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळो न मिळो, रात्री मालकाच्या हातावर ठरलेली रक्कम ठेवावीच लागते, तसंच हे. दिवसाला बारा-तेरा तास विमान हवेत राहिलं तर भाडं निघतं. दुपारी एक ते चार बंद ठेवून चालत नाही. (हशा) चला, हा विनोद पुण्यात अजून चालतो.

हे ज्यांना पहिल्यांदा नीट कळलं त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये साउथवेस्ट सुरू झाली. डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, एवढीच तीन शहरं. त्या वर्षअखेर ताफ्यात चार बोइंग ७३७. दुसऱ्याच वर्षी पैशांची चणचण झाली आणि एक विमान विकावं लागलं. एखाद्या सरळमार्गी माणसानं फेऱ्या कमी केल्या असत्या. यांनी चार विमानांचं वेळापत्रक तीन विमानांवर चालवायचं ठरवलं. गणित मांडल्यावर निघालं की विमान थांबल्यापासून पुन्हा निघेपर्यंत मिळतात दहा मिनिटं. दहा! आणि त्यांनी ती पाळून दाखवली. आसनक्रमांकच नव्हते, आधी येईल त्याला खिडकी. आपल्याकडे एसटीत रुमाल टाकायची सोय आहे, तिथे तीही नव्हती.

आज एअरबसच्या १८६ आसनांच्या ए-३२० ला साधारण अर्धा तास देतात. त्या अर्ध्या तासात काय चालतं ते खिडकीतून बघा, घड्याळाकडे बघत बसू नका. चाकांना चोक, म्हणजे पाचरी, लागतात, इंजिनं थांबतात, लाल दिवा बंद होतो, मग दारं उघडतात. जिन्याऐवजी उतार लावला की लोक भरभर उतरतात आणि व्हीलचेअरही त्याच वाटेनं जाते. इंडिगोनं २०२२ मध्ये पुढे दोन आणि मागे एक अशा तीन दारांतून उतरवायला सुरुवात केली; तेरा-चौदा मिनिटांचं काम सात-आठ मिनिटांत होतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात पोटातून सामान निघतंय, पंखाखाली इंधन भरलं जातंय, सफाई केबिन क्रूच करतोय, एक वैमानिक विमानाभोवती फेरी मारून टायर, इंजिनाची पाती, गळती बघतोय. शेवटी लोड अँड ट्रिम शीट येते, म्हणजे वजन किती आणि कुठे याचा कागद, आणि दार बंद.

यात बिघडतं काय? चेक-इन करून गायब झालेला प्रवासी. तो नाही, तर त्याची बॅगही जाऊ शकत नाही. सामानाच्या ढिगातून ती शोधून काढायची. मग ब्रेक. धावपट्टी आखूड असली आणि ब्रेक जोरात लावले की ते तापतात, आणि ए-३२० मध्ये ते ३०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उड्डाण करायचं नाही. ब्रेकला पंखे बसवता येतात, पण ते जादा पैसे मोजून, आणि जादा वजन वाहून. आणि माझी खास तक्रार, हातातल्या बॅगांची. पंधरा किलोंच्या वर सामानाला कंपनीच पैसे लावते, म्हणून माणूस सगळं केबिन बॅगेत कोंबतो. सात किलोंची मर्यादा असलेली ती बॅग वर ठेवायला दोन माणसं लागतात, आणि मागे रांग थबकते. सामानाच्या शुल्कातून कमावलेलं कंपनी वेळेत घालवते. वर आपण चाकं टेकताच उभे राहतो! दार उघडायला अजून पाच मिनिटं असतात, पण मान वाकडी करून उभं राहण्यात आपल्याला कोण समाधान.

पण हिशेब बघा. दिवसाच्या सहा फेऱ्यांत पाच थांबे. प्रत्येकी वीस मिनिटं वाचली की शंभर मिनिटं, म्हणजे पुणे–हैदराबाद एक जादा फेरी, त्याच भाड्यात. हे जमतं ते ताफा एका जातीचा असला की. एक विमान बिघडलं तर कोणतंही दुसरं लावता येतं, आणि कोणताही वैमानिक त्यावर बसतो. ए-३२० आणि त्याचा लांब भाऊ ए-३२१, या दोन्हींसाठी वैमानिकाचं टाइप रेटिंगही, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचा परवाना, एकच.

(आयोजकांची चिठ्ठी आलीय. बारा मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता सुरू करायला हवा.)

एअरबसच्या या विमानाची मोठी, सांगाडा उघडून करायची तपासणी सहाव्या आणि बाराव्या वर्षी येते. लँडिंग गिअरची पूर्ण उकल दहाव्या वर्षी. म्हणून भाडेकरार सहा वर्षांच्या आसपासचे करतात. परत करताना रंग, इंजिनाचं उरलेलं आयुष्य, सगळं करारात लिहिलेलं असतं. इंजिनातल्या मर्यादित आयुष्याच्या भागांची तर जन्मापासूनची कागदपत्रं लागतात. कागद हरवला की धडधाकट भाग भंगार. कंपन्या इथेच फसतात, आणि विमान परत गेलेलं नसल्यानं भाडं चालू राहतं.

आता ऑर्डर. इंडिगोनं २००५ मध्ये १०० विमानं मागवली, २०११ मध्ये १८०, २०१५ मध्ये २५०, २०१९ मध्ये ३००, २०२३ मध्ये ५००. एवढी एकदम घेतली की भाव उतरतो. विमान हातात येताच ते लीज कंपनीला खरेदीपेक्षा चढ्या भावानं विकायचं आणि तिच्याकडूनच भाड्यानं घ्यायचं. फरकाची रोकड हातात. म्हणजे डिलिव्हरी थांबली की ही रोकडही थांबते. वाढणं हा हौसेचा मामला उरत नाही.

विमान कोणतं, ते तीन आकड्यांवर ठरतं. पहिला इंधन. जुनं ए-३२० ताशी अडीच टनांच्या आसपास जाळतं, नव्या इंजिनांचं ए-३२० निओ त्याच्या पंधरा टक्के कमी. दिवसाला चार टनांच्या वर बचत. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पुणे, मुंबई, रायगडात विमानइंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. जिथे कर जास्त तिथे भरायचं नाही, स्वस्त शहरातून परतीचंही घेऊन यायचं, हा जुना उद्योग. पण जादा इंधन वाहायलाही ताशी तीन-चार टक्के इंधन जळतंच. दुसरा आकडा पन्नास. दर पन्नास आसनांमागे एक केबिन क्रू. १८६ ला चार, ए-३२१ च्या २३२ ला पाच. वैमानिक दोन्हीकडे दोनच, स्लॉटही, म्हणजे विमानतळावर उतरायची-उडायची ठरलेली वेळ, एकच. तिसरा ऐंशी. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत फेरीत लँडिंग शुल्क माफ. एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानात ७८ आसनं का, ते कळलं? शिवाय चाळीस टनांच्या आतल्या विमानांना इंधनावर करही बराच कमी. म्हणून एका जातीचा हट्ट सोडून २०१७ मध्ये इंडिगोनं एटीआर आणली.

हट्टाची दुसरी बाजूही बघा. एकच जात म्हणजे एकच रोग सगळ्यांना. गो फर्स्ट या आपल्याकडच्या स्वस्त कंपनीनं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांना दोष देत मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी जुलैत त्या इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीतून घडवतात तिच्यात दोष निघाला, आणि तीच इंजिनं असलेली इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं जमिनीवर उभी राहिली. फेऱ्या सांभाळायला जुनीच विमानं पुन्हा भाड्यानं आणावी लागली. २०१९ च्या ऑर्डरला मात्र त्यांनी सीएफएम या दुसऱ्या कंपनीचं इंजिन निवडलं होतं. गो फर्स्टची विमानं मालकांना सोडवून नेताना नाकी नऊ आले. २०२५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. आणि विमानं आली तरी माणसं लागतातच. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, त्या विमानं नव्हती म्हणून नाही.

पुण्याचं काय, हा प्रश्न येणारच. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची आणि हवाई दलाची. टर्मिनल २०२४ मध्ये नवं झालं, धावपट्टी तीच. इंडिगोनं मागवलेलं ए-३५० हे लांब पल्ल्याचं मोठं विमान भरल्या टाकीनं इथून उठणार नाही, ते दिल्ली-मुंबईचं. स्लॉट मोजके, म्हणून आपल्याकडे वाढ फेऱ्यांत कमी आणि आसनांत जास्त दिसेल: १८६ च्या जागी २३२, गेट तेच, आणि बॅग ठेवायला वर आणखी शेहेचाळीस जण. प्रश्न विचारा, दोन मिनिटं आहेत.