शेजारच्या सीटवर फुटबॉलर बसलाय, ओळखाल का?

नमस्कार मंडळी. आधी हा बूट बघा, जरा कॅमेऱ्याजवळ धरतो. डाव्या पायाचा, सात नंबर. टाचेचं अस्तर फाटलंय, तळाचे पुढचे दोन स्टड, म्हणजे पकडीसाठीचे उंचवटे, झिजून सपाट झालेत. 2012 साली बाबांनी बेळगावच्या गणपत गल्लीतून घेतला होता आणि तेव्हा माझ्या पायाचा नंबर होता सहा. वाढतं अंग आहे, दोन वर्षं तरी जायला पाहिजे, हे दुकानात बाबांनी म्हटलेलं वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हटलेलं असणार.

या बुटामुळं मला एक फुटबॉलर भेटला. खराखुरा, आय-लीग म्हणजे देशातल्या क्लबांची स्पर्धा खेळणारा, गोव्याचा. आजचा व्हिडिओ त्या भेटीबद्दल आहे, आणि अशा भेटी आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात का होतात, झाल्या तर काय बोलायचं, याबद्दल आहे.

मी आणि मामा आजोळाहून परत येत होतो. लोंढ्याला गोवा एक्स्प्रेस पकडली. ही गाडी वास्कोहून निघते, ब्रागांझा घाट चढून लोंढ्याला येते, मग बेळगाव, मिरज करत पुण्याकडं जाते. सप्टेंबरचे दिवस, खिडकीला पावसाचं पाणी. समोरच्या बाकावर एक पंचविशीचा पोरगा, पायात मोजे आणि त्यावर स्लीपर. त्यानं एक मोजा काढला आणि घोट्यावरची पांढरी टेप सोलायला लागला. चर्र करून आवाज यायचा, टेपेबरोबर केस निघायचे, पण चेहऱ्यावर काही नाही. सगळी टेप काढून त्यानं तिचा गोळा केला, खिशात टाकला, आणि पाण्याची बाटली आडवी ठेवून तळपायाखाली पुढंमागं फिरवायला लागला.

माझी नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. नख काळं. अर्धं काळं-जांभळं, अर्धं पिवळट. मी खाली माझ्या पायाकडं बघितलं. तेच. त्यानंही बघितलं. मग पहिला प्रश्न त्यानं विचारला, कोकणीत: "खंय खेळटा रे तूं?"

मी म्हटलं, अनगोळात. शाळेच्या टीममध्ये पण आहे. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू.

त्यानं माझ्या पिशवीला लेसनी बांधलेले बूट मागितले. आत हात घातला, अंगठ्यानं पुढचं टोक दाबलं आणि सांगितलं की बूट मोठा आहे. धावताना थांबलास की पाय आत पुढं घसरतो, दर वेळी अंगठा टोकावर आपटतो, नखाखाली रक्त साकळतं. त्याचं स्वतःचं नख कुणाचा तरी स्टड पडल्यानं गेलं होतं. ते खेळात होतं, म्हणाला. तुझं मात्र रोज थोडंथोडं जाईल. मग त्यानं मला बूट घालायला लावला, गाडीच्या डब्यात, आणि स्वतः खाली वाकून लेस बांधली. वेगळ्या पद्धतीनं. ती पद्धत शेवटी दाखवतो.

अशा भेटी का होतात ते कळायला आता थोडं मागं जाऊया.

1961 पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलरला किती पगार द्यायचा याला वरून मर्यादा होती. शेवटी शेवटी ती होती आठवड्याला 20 पौंड. देशाचा मोठ्यातला मोठा खेळाडू असो, 20 पौंड. कारखान्यातल्या चांगल्या कामगाराच्या कमाईच्या आसपासच. म्हणजे खेळाडू राहायचा कामगारांच्या वस्तीत, जायचा कामगारांच्या बसनं. शनिवारी दुपारी मॅचला निघालेला प्रेक्षक आणि त्याच मॅचमध्ये खेळणारा माणूस एका बसमध्ये असू शकायचे. खेळाडूंच्या संघटनेनं संपाची तयारी केली, जानेवारी 1961 मध्ये ती मर्यादा उठली आणि थोड्याच दिवसांत फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळायला लागले. चांगलंच झालं, ज्याच्या घामावर खेळ चालतो त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पुढं टीव्हीचा पैसा आला, गाड्या आल्या, उंच भिंतींची सराव मैदानं आली, आणि बसमधली ती शेजारची सीट रिकामी झाली.

पण मंडळी, आपल्या भागात तो काळ अजून संपलेला नाही. नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर हायवेनं कोल्हापूर, जिथं पेठांच्या आणि तालमींच्या टीमांची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. पश्चिमेला चोर्ला घाट उतरला की गोवा, धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांचा मुलूख. खाली रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली की बेंगळुरू. आपण या तिन्हीच्या मधल्या वाटेवर बसलोय. शिवाय आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आणि सैन्यात खेळाडूंना काय मान आहे ते कॅम्पात राहणाऱ्याला सांगायला नको. मोठे स्टार विमानानं डोक्यावरून जातात. पण देशात फुटबॉल खेळून पोट भरणाऱ्या बाकीच्या पोरांसाठी गोव्याच्या कदंबाची बस आहे, जांबोटीला चहाला थांबणारी गाडी आहे, स्लीपरचा डबा आहे. ते आपल्या शेजारी बसतात. आपण ओळखत नाही, आणि माझं दुखणं हेच आहे.

एक विचारतो. 4 मार्च 2023 ला रियाधच्या किंग फहद स्टेडियममध्ये कर्नाटकानं मेघालयाला 3-2 नं हरवून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा, जिंकली. 54 वर्षांनी जिंकली. त्या टीममधली किती नावं तुम्हाला येतात? पुढच्याच वर्षी गोव्याला 1-0 नं हरवून सर्व्हिसेसनं, म्हणजे सैन्यदलांच्या टीमनं, ती घेतली, त्यातली किती? शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तो टपरीवर बाजूला उभा राहिला तर कळेल का? मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपातली महिला चॅम्पियन्स लीग खेळली, तिथं खेळणारी पहिली भारतीय. तिचा चेहरा किती जणांना ठाऊक आहे? वर्ल्ड कप आला की आपल्या गल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. मीही लावलेत आणि पुढंही लावणार, ते प्रेम खोटं नाही. पण त्या झेंड्याखालून जाणारा आपला खेळाडू आपल्याला दिसायला पाहिजे.

मोठ्या स्टारला पैसे मोजून बघायला गेलं की काय होऊ शकतं ते 13 डिसेंबर 2025 ला कोलकात्यात दिसलं. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मेस्सी आला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली होती. मैदानात त्याच्याभोवती इतका गराडा पडला की गॅलरीतल्यांना तो धड दिसलाच नाही, आणि ठरल्यापेक्षा लवकर तो निघून गेला. मग बाटल्या, खुर्च्या मैदानात आल्या. तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. पण महिन्याच्या पगारातून तिकीट काढून, मुलाला खांद्यावर घेऊन आलेल्या बापाचं काय झालं असेल, ते मनातून जात नाही.

याच्या उलट एक गोष्ट. लंडन, 15 सप्टेंबर 2018. चेल्सीनं कार्डिफला 4-1 नं हरवलं. चेल्सीच्या एन्गोलो कान्तेला रात्री पॅरिसला जाणारी युरोस्टार रेल्वे पकडायची होती, ती चुकली. लक्षात घ्या, बरोबर दोन महिन्यांपूर्वी हा माणूस फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकला होता. तो किंग्ज क्रॉसजवळच्या मशिदीत नमाजाला गेला. तिथं एका फुटबॉलप्रेमीनं त्याला ओळखलं आणि सहज म्हटलं, घरी चला जेवायला. तो माणूस चेल्सीचा चाहतासुद्धा नव्हे, दुसऱ्याच क्लबचा, आर्सेनलचा! कान्ते गेला. चिकन करी खाल्ली, घरातल्या मंडळींबरोबर फिफा हा व्हिडिओ गेम खेळला, टीव्हीवर दिवसभरातल्या मॅचेस बघितल्या. गाडी चुकलेल्या पाहुण्याला आपल्याकडं जसं म्हणतात, आता रात्रीचं कुठं जाताय, दोन घास खाऊन घ्या, अगदी तसंच.

खाण्यावरून आमच्या डब्यातली गोष्ट पुरी करतो. आजीनं चिरमुऱ्याचे लाडू दिले होते. मामानं डबा उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं हात जोडले, "नको मामा, खाता येणार नाही." मामाला लागलं ते. घरचं आहे, गूळ आमच्याच रानातला आहे, असं दोनदा सांगून झालं. तो नम्रपणे नाहीच म्हणाला. मलाही तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

कारण पुढं कित्येक वर्षांनी समजलं. मॅच तोंडावर असताना पोट बिघडू नये हे एक. दुसरं उत्तेजक द्रव्यांच्या नियमाचं. खेळाडूच्या शरीरात बंदी असलेलं काही सापडलं, तर ते कसं आलं हा प्रश्न नंतरचा. आधी जबाबदार तो स्वतः. 2011 मध्ये मेक्सिकोत सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला. तिथं खेळाडूंच्या 208 नमुन्यांपैकी 109 मध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं. पोरांनी काही चोरून घेतलं नव्हतं, तिथल्या जनावरांना ते औषध देत होते आणि मांसातून ते पोटात गेलं. चौकशीत पोरं सुटली, पण तोपर्यंत जिवाला किती घोर लागला असेल! आपल्या लाडवात तसलं काही नसतं हे मलाही माहीत आहे. पण ज्याचं करिअर एका नमुन्यावर लटकलंय तो अनोळखी डबा उघडताना विचार करणारच. तेव्हा उद्या तुम्ही प्रेमानं कुंद्याचा बॉक्स पुढं केला आणि समोरचा नको म्हणाला, तर मनाला लावून घेऊ नका. कान्ते जेवला तेव्हा त्याची मॅच झालेली होती, हेही ध्यानात ठेवा.

फोटोचं एका वाक्यात सांगतो: विचारून काढा, लगेच टाकू नका, आणि खेळाडू मुलगी असेल तर दोन पावलं लांबून विचारा.

बोलायचं काय? आपल्याकडं पहिल्या भेटीत पगार विचारायची सवय आहे, आणि दुसरा प्रश्न, टीव्हीवर कधी दिसणार? हे दोन्ही नको. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. मी त्याला विचारलं होतं की माझ्यापेक्षा वेगवान विंगर, म्हणजे कडेनं चाल करणारा खेळाडू, अंगावर आला तर काय करू. त्यानं बाटलीचं बूच बाकावर ठेवलं, ते म्हणजे बॉल. त्याच्या पायाकडं बघू नकोस, तो फसवेल, बॉलकडं बघ. सरळ छाती देऊन उभा राहू नकोस, तिरका राहा, आणि आतला रस्ता बंद करून त्याला लाईनीकडं जाऊ दे. बूच सरकवत सरकवत त्यानं बाकाच्या कडेला नेलं आणि खाली पाडलं. "आता कुठं जाणार तो?" माझ्या शाळेच्या सरांनी हे दहा वेळा सांगितलं असेल. डोक्यात शिरलं त्या दिवशी.

आणि ओळखायचं कसं? मोज्यावर स्लीपर. बॅगेच्या बाहेर लटकवलेले बूट, कारण आत ठेवले की सगळ्या कपड्यांना वास मारतो. गाडी थांबली की उतरून खांबाला टेकून पोटऱ्या ताणणारा माणूस. असा कुणी दिसला तर नुसतं एवढंच विचारा, कुठं खेळता?

बेळगाव आलं तेव्हा मी बूट काढायला वाकलो, तर तो म्हणाला, राहू दे, चालून बघ. मी फलाटावर स्टड वाजवत चाललो, मामा मागून ओरडतोय, स्टड झिजतील रे! पुढं एका मॅचच्या प्रक्षेपणात तो मला दिसला. त्याच घोट्याला पांढरी टेप. नाव सांगणार नाही. त्यानं ते गाडीतल्या एका पोराला सांगितलं होतं, चॅनलसाठी नव्हे. माझं काळं नख गळलं, आणि पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत नवं पूर्ण आलं.

आता ती लेस. कॅमेरा खाली घे रे जरा. हं. नेहमीसारखी लेस ओवत वर या आणि शेवटचं भोक रिकामं ठेवा. आता लेसचं टोक समोरच्या बाजूला न नेता, त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घाला. अशी छोटी कडी तयार होते. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावं टोक उजव्या कडीतून, उजवं टोक डाव्या कडीतून. टाच मागं दाबून बसवा, मागं, हं, आणि मग खाली ओढा. बघा, आता पाय हलवला तरी टाच उचलत नाही. आता गाठ मारा.